भाच्यांनी भरलेली शाळा

आमच्या वस्तीवरची शाळा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला हापसा, आणि भिंतीवर रंगवलेले प्राणी. त्यातला हत्ती रंगवणाऱ्यानं बहुधा कधी बघितलाच नसावा. लग्न होऊन आले तेव्हा मला या शाळेचा त्रासच वाटायचा. मी भाकरी थापायला बसले की तिकडं पाढे सुरू. तेराच्या, चौदाच्या पाढ्याला सगळ्यांचा आवाज बारीक व्हायचा आणि पंधराला पुन्हा चढायचा, कारण पंधराचा सोपा. पुढं माझी लेक त्या आवाजात मिसळली. तेव्हापासून मी चुलीवर दूध ठेवून खिडकीशी उभी राहायला लागले. किती वेळा दूध उतू घालवलं ते माझ्या सासूला विचारा, तिला सगळं तोंडपाठ आहे.

मंठ्याहून एसटी येते ती गावापर्यंत. गावातून आमच्याकडं यायला ओढा ओलांडावा लागतो. ओढ्यावर फरशी आहे, पूल नाही. श्रावण-भादव्यात पाणी फरशीवरून वाहतं, मग आम्ही अलीकडं आणि गाव पलीकडं. गावात घरं पुरेनात तशी काही घरं आपापल्या शेतात येऊन राहिली, तीच ही वस्ती. आमची भावकी आणि ओढ्याच्या कडेला जमीन असलेली दोन बौद्ध कुटुंबं. ग्रामपंचायत एकच. राशनचं दुकान गावात, दवाखाना गावात, मारुती गावात. वस्तीचं स्वतःचं असं एकच होतं, ही पहिली ते चौथीची शाळा.

त्या हिवाळ्यात, तुरी काढायला आल्या होत्या तेव्हा, शाळेचे सर मधल्या सुट्टीत आमच्या ओट्यावर येऊन बसले. सर मंठ्याहून मोटारसायकलनं यायचे आणि चारही वर्ग एकटेच सांभाळायचे. माणूस कमी बोलणारा. माझा नवरा शाळा समितीचा अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे फार मोठं काही नाही. खिचडीचे तांदूळ आले की पोतं उतरवून घ्यायचं आणि पंधरा ऑगस्टला नारळ फोडायचा. सरांनी सांगितलं की कमी पटाच्या शाळा बंद करून पोरं जवळच्या मोठ्या शाळेत घालायचं चाललंय आणि त्यात आपलं नाव आहे. आधी पंचायत समितीतून साहेब येऊन पोरं डोळ्यांनी बघणार, मग ग्रामसभेत ठराव होणार, आणि जूनपासून वस्तीची पोरं गावात. आपला पट किती ते सगळ्यांनाच माहीत होतं. मोजायला हातापायांची बोटं घेतली असती तर बोटंच उरली असती.

सर गेल्यावर नवरा तुरीच्या शेंगा सोलत बसला. मग म्हणाला, फार तर आपली पोरगी बदनापूरला ठेवू.

बदनापूरला माझा धाकटा भाऊ राहतो, स्टेशनजवळ. रोज रेल्वेनं जालन्याला कामाला जातो. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. माझ्या लेकीवर दोघांचा जीव. तिथं चांगली शाळा आहे, ताई, तिला आमच्याकडं राहू दे, असं तो दर दिवाळीला म्हणायचा आणि मी दर दिवाळीला विषय बदलायची. नवऱ्याला मात्र ते मनातून पटलेलं होतं. मामाकडं राहायचं म्हणजे काही परक्याकडं राहायचं नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी सासरी आले ती विसाव्या वर्षी, आणि तेव्हासुद्धा मला महिनाभर घास गोड लागला नव्हता. ही तर आठ वर्षांची. अजून वेण्या घालायला माझ्यापुढं पाठ करून बसत होती. वस्तीतले बाकीचे लोक हक्काचं, विकासाचं काय काय बोलले. माझं कारण एवढंच होतं. शाळा गेली की पोरगी जाणार.

आता दादांबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे माझे मोठे दीर. ते गावातल्या जुन्या घरात राहतात, तेव्हा उपसरपंच होते आणि पुढच्या निवडणुकीला सरपंच व्हायचं त्यांच्या मनात होतं. ठराव मांडणार होते तेच. आमच्यात मोठ्या दिरासमोर सूनबाई सरळ बोलत नाही. मला त्यांना काही सांगायचं असलं की मी सासूला सांगायची, सासू त्यांना सांगायची, आणि ते मधल्या उघड्या दारातून सगळं आधीच ऐकत असायचे. इतकी वर्षं आमचा कारभार असाच चालला होता.

ते आईला भेटायला म्हणून आले आणि चहा घेता घेता त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गावची शाळा सातवीपर्यंत. तिचाही पट उतरत चाललेला, कारण ज्यांना झेपतं त्यांची पोरं पिवळ्या गाडीत बसून मंठ्याच्या इंग्लिश शाळेत जातात. पट अजून उतरला तर गावचा एक शिक्षक उठणार आणि वरचे वर्गही जाणार. वस्तीची पोरं तिकडं आली तर ते टळेल. म्हणजे आमची शाळा मेली तर त्यांची जगणार. दोन अर्धपोटी माणसांना एका ताटावर बसवून वाढणाऱ्यानं निघून जावं, तसं ते मला वाटलं. मी चुलीजवळून सासूला म्हणाले, त्यांना विचारा, त्यांचा नातू कुठल्या गाडीत बसून जातो. सासूनं ते काही पुढं पोचवलं नाही. दादांनी कपातला चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत राहिले. कानावर गेलं होतं, एवढं नक्की.

साहेब येणार त्या आठवड्यात वस्तीवरच्या पुरुषांची आमच्या अंगणात बैठक बसली आणि त्यातून एक युक्ती निघाली. ज्याच्या त्याच्या बहिणी जवळपासच्याच गावांत दिलेल्या. प्रत्येकानं आपले भाचे-भाच्या एका दिवसापुरत्या आणायच्या आणि वर्गात बसवायच्या. वर्ग भरलेला दिसला की साहेब काय म्हणणार? सर म्हणाले, हजेरीत मी एकही नाव घालणार नाही, आणि मला विचारलं तर खरं तेच सांगीन. त्यावर आमच्या चुलत सासऱ्यांनी तोडगा काढला की साहेबांनी सरांना विचारूच नये इतका वर्ग भरवायचा. बौद्ध कुटुंबातले एक भाऊ उठून गेले. जाताना म्हणाले की शाळेसाठी भांडायचं तर सरळ भांडू, आपली लेकरं थोडी आहेत म्हणून ती काय लेकरं नाहीत का. तेच बरोबर होतं. पण बैठकीत बरोबर बोलणाऱ्याचं ऐकायची पद्धत नाही.

मी नवऱ्याला रात्रीच्या जेवणावर म्हणाले की हे टिकणार नाही. तो म्हणाला, तू फक्त शिरा कर.

आमच्या भागातली एक चाल इथं सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं भाचा-भाची मामाच्या पाया पडत नाहीत. मामाच त्यांच्या पाया पडतो. भाची पाळण्यात असो की शाळेत, मामा आधी वाकणार, मग ‘ताई’ म्हणून बोलणार. तिला कामाला हात लावू द्यायचा नाही, तिला आधी वाढायचं, रागावायचं तर बिलकुल नाही. आमच्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही. पायात काटा मोडला की हात जसा आपोआप पायाकडं जातो, तसा आमच्या पुरुषांचा हात भाचीच्या पायाकडं जातो.

साहेब येणार त्या दिवशी सकाळपासून वस्तीवर जत्रा होती. जीपमधून, मोटारसायकलवरून भाचे उतरत होते. माझी नणंद पलीकडच्या गावात दिलेली, तिनं आपली धाकटी मुलगी पाठवली. सात वर्षांची, नवा फ्रॉक, केसांना लाल रिबिनी. शाळेत निघालीय असं तिच्याकडं बघून वाटेना, लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. नवरा घरी नव्हता. त्या आठवड्यात शेतातल्या मोटरीची लाईट दिवसाची होती, तो सकाळीच गव्हाला पाणी द्यायला गेला होता. मी भाचीला शिरा खाऊ घातला आणि माझ्या लेकीजवळ नेऊन बसवलं, पहिल्या रांगेत. वर्ग असा भरला की पोरांना मांडी घालायला जागा नव्हती. तिकडं बहिणींच्या गावच्या शाळा त्या दिवशी निम्म्या रिकाम्या असणार, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

साहेब आले तेव्हा बरोबर दादा होते. उपसरपंच म्हणून येणारच. साहेब अंबडकडचे, सावकाश बोलणारे, पोरांना घाबरवणारे नव्हते. सरांनी दोघांना खुर्च्या दिल्या. आम्ही बायका बाहेर खिडकीशी. खिचडी शिजत होती. साहेबांनी बेरजा विचारल्या, कविता म्हणायला लावली. आमच्या पोरांना सरांची कविता येत होती, भाच्यांना आपापल्या सरांची, त्यामुळं जरा गोंधळ झाला, पण आवाज मोठा होता म्हणून खपून गेलं.

माझं लक्ष दादांकडं होतं. त्यांच्यापासून चार हातांवर त्यांची सख्खी भाची बसली होती. ती त्यांच्याकडं बघून हसलीसुद्धा. त्यांनी नजर काढून घेतली आणि बाहेरच्या लिंबाकडं बघत राहिले. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, बघा, खुर्ची मिळाली तर बहिणीची पोरगी ओळखू येईना. पाया पडायचं राहिलं बाजूला, साधं हसायलाही जड जातंय. सासूला हे सांगायचं मी तिथंच ठरवलं.

तेवढ्यात माझा नवरा आला. मोटर बंद करून, चिखलाच्या पायांनी, घाईघाईत. पडवीत चपला काढल्या, दारात येऊन साहेबांना हात जोडले. आणि त्याची नजर पहिल्या रांगेवर गेली. शाळा, साहेब, पट, ठराव, सगळं तो विसरला. सरळ आत गेला, वाकला आणि भाचीच्या पायावर डोकं टेकवलं.

"ताई, कवा आलात?" त्यानं विचारलं.

भाचीनं सवयीनं दोन्ही पाय पुढं केले होते. मग तिनं मामाच्या डोक्यावर हात ठेवला. दारात उभ्या असलेल्या आमच्या चुलत सासऱ्यांना वाटलं असावं की आता आपण नाही पडलो तर बरं दिसणार नाही. तेही आत गेले आणि आपल्या भाच्याला शोधून त्याच्या पाया पडले. त्यांच्या मागून अजून एक जण गेला. साहेबांनी सरांकडं बघितलं. सरांनी पत्र्याकडं बघितलं.

मग दादा खुर्चीवरून उठले. शर्ट नीट केला, भाचीपुढं गेले, गुडघ्यावर हात टेकून सावकाश वाकले आणि पाया पडले.

"मघापासून जीव खाली-वर होऊन राह्यल्ता," ते उठताना म्हणाले. "ताई समोर बसलेली अन् मी खुर्चीवर."

साहेबांनी विचारलं, तुम्ही आधीच ओळखलं होतं का. दादा म्हणाले, "सख्ख्या भाचीला कोण ओळखत न्हाई, साहेब? पण मी वाकलो असतो तर माझ्या भावाचं सगळं उघडं पडलं असतं. आता त्यानंच पाडलं."

मी खिडकीचा गज धरून उभी होते. ज्या माणसाला मी घटकाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो आपल्या भावाची लबाडी झाकायला बसून राहिला होता, तेही स्वतःच्याच ठरावाच्या विरुद्ध. मला त्यांची लाज वाटत होती ती तिथंच माझीच वाटायला लागली. हसूही येत होतं, आणि नवऱ्याला धरून हलवावंसं वाटत होतं ते वेगळंच.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, आमच्याकडंही मामाच पाया पडतो, त्यात काय. मग त्यांनी पोरांना प्रेमानंच सांगितलं की जी रोज इथं येतात त्यांनी उठून भिंतीकडं उभं राहा. माझी लेक उठली. तिच्यामागून एकेक जण उठला. भिंतीवरच्या हत्तीखाली ती रांग उभी राहिली, आणि हत्तीची शेपटी येईस्तोवर संपली. साहेबांनी मान हलवली, सरांशी दोन शब्द बोलले आणि जे दिसलं ते लिहून घेतलं. नंतर खिचडी आणि शिरा झाला. पाहुणे भाचे आधी जेवले, शाळेची पोरं वाढायला होती.

ग्रामसभा सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर, गावच्या शाळेच्या पटांगणात बसली. बायकांना एका बाजूला ताडपत्री अंथरली होती. एरवी आम्ही हजेरीला सही करून निघून येतो. त्या दिवशी वस्तीवरच्या सगळ्या बसून राहिल्या. दादांनी ठराव मांडला. गावची सातवी टिकवायची असेल तर हे करावं लागेल, असं सरळ सांगितलं, लपवाछपवी केली नाही. वस्तीच्या पोरांसाठी गाडी लावू, हेही सांगितलं. आमचे ते बौद्ध भाऊ उठले आणि ओढ्याचं विचारलं. गाडी आहे ना, असं कोणीतरी मागून म्हणालं. नवरा उठला, पण भाच्यांची गोष्ट तोवर गावभर झाली होती. तो उभा राहिला तशी हसण्याची एक लाट गेली आणि तो खाली बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी उठले. पदर डोक्यावर होता, तो अजून पुढं ओढला. सासू शेजारी होती, तिनं माझं लुगडं धरून खाली ओढलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दादांशी सरळ बोलले, तेही सगळ्या गावासमोर.

"दादा, भावासाठी तुम्ही गप बसलात. तसंच एकदा पुतणीसाठी बोला. शाळा गेली तर ती माझ्यापाशी राहत न्हाई."

दादांनी माझ्याकडं बघितलं नाही, ते मर्यादा पाळणारे. झेंड्याच्या चौथऱ्याकडं बघत बोलले.

"पुतणी काय, पोटची असती तरी मी हेच मांडलं असतं. आज तुमची चौथी राखली, अन् गावची सातवी गेली, तर पाचवीला तिला कुठं घालशील, बाई? मंग तर सगळ्यांच्याच पोरी घरी बसतील."

त्यांचं खरं होतं आणि माझंही खरं होतं, आणि ज्यांनी आम्हाला एकमेकांसमोर उभं केलं त्यांच्यातलं तिथं कोणी नव्हतं. ठरावासाठी हात वर झाले. गावाचे हात किती आणि वस्तीचे किती, ते मोजायची गरजच पडली नाही. मी खाली बसले. सासूनं माझं लुगडं अजून धरलेलंच होतं.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. सरांची बदली झाली. जायच्या दिवशी ते आमच्या ओट्यावर पाणी पिऊन गेले आणि लेकीला एक कंपासपेटी देऊन गेले. गाडी सुरू झाली, खरोखर झाली. दादा शब्दाचे पक्के. पण श्रावणात फरशीवरून पाणी गेलं तशी ड्रायव्हरनं गाडी पलीकडंच उभी करायला सुरुवात केली. दादा एकदा स्वतः कमरेएवढ्या पाण्यातून पोरं घेऊन आले. रोज कोण येणार? मग कुणाची पोरं दोन दिवस जायची, तीन दिवस नाही. मोठ्या दोन मुली कापूस वेचायला आयांबरोबर जायला लागल्या त्या वेचणी संपली तरी परत शाळेत गेल्या नाहीत. त्या बौद्ध भावांनी मंठ्यात खोली केली आणि बायका-पोरं तिकडं नेली. त्यांच्या घरात शिकण्याच्या बाबतीत तडजोड नाही. वस्तीवर त्यांची जमीन राहिली, माणसं गेली.

माझी लेक त्याआधीच, जूनमध्येच, बदनापूरला गेली होती. नवऱ्याचा गाडीवर भरवसा नव्हता आणि माझ्याकडं दुसरा उपाय नव्हता. भावानं तिला नवं दप्तर घेतलं, टेबल घेतलं. भावजय तिचे डबे असे करायची की फोनवर ऐकून मलाच भूक लागायची. दर रविवारी फोन. काय जेवलीस, काय शिकलीस. तिची काही तक्रार नसायची. भाऊ म्हणायचा, ताई, तिला आम्ही एका कामाला हात लावू देत नाही. मी बरं म्हणायची. मग फोन ठेवून गोठ्यात जाऊन उगाच म्हशीला रागवायची. दादांशी मात्र आता मी सरळ बोलते. ग्रामसभेत एकदा बोलले ते बोललेच, पुन्हा सासूला मध्ये घालायचं काय कारण? सासूला ते अजून पटलेलं नाही.

दिवाळीला लेक आली. उंच झाली होती, केस मानेपर्यंत कापलेले. मी तेल लावायला बसवलं तर वेणी घालायला केसच नव्हते. तीन-चार दिवस मला काहीतरी खटकत राहिलं आणि नेमकं काय ते कळेना. आंघोळ झाली की ती आपले कपडे दोरीवर न टाकता घडी करून दप्तराशेजारच्या पिशवीत ठेवायची. जेवायला बसली की ताटाकडं बघत बसायची, वाढेपर्यंत. मी समजले, शहाणी झाली.

भाऊबिजेला भाऊ आला. ओवाळणं झालं, जेवणं झाली. संध्याकाळच्या गाडीनं दोघं निघणार होते, पिशवी ओट्यावर काढून ठेवली होती. मी भांडी घासत होते. लेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. आत आली नाही. माठ तिच्यापासून दोन पावलांवर होता.

"आई," ती म्हणाली, "मी पाणी घेऊ का?"

मला आधी राग आला. आपल्या घरात पाणी विचारून पितेस का, असं मी ओरडले. ती दचकली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तिकडं मामी देती ना." त्यात गाऱ्हाणं नव्हतं. मामीचं कौतुकच होतं. ती आमच्याकडं पाहुणी आली होती, आणि ते तिला माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं.

तिनं पाणी घेतलं, पेला विसळून जागेवर ठेवला. मी राखेच्या हातांनीच बाहेर गेले आणि ओट्यावरची पिशवी उचलून घरात आणून ठेवली. भावाला सांगितलं की ती येणार नाही. त्याला वाटलं मी थट्टा करते. मग माझं तोंड बघून त्यानं विचारलं, आमचं काही चुकलं का, ताई. काही चुकलं असतं तर मला किती सोपं झालं असतं. तुमचं काहीच चुकलं नाही, एवढंच मी म्हणाले आणि दोघंही रडलो. भाऊ एकटाच गेला. घरी भावजय तिच्यासाठी थांबलेली असणार, हे मला कळत होतं, आणि तरी मी त्याला थांबवलं नाही.

नवरा ओट्याच्या कडेला बसून होता. त्यानं मला अडवलं नाही. विचारलं, "मंग शाळा?"

"गावच्या शाळेत घालायची. सकाळी मी नेऊन सोडीन, अन् चार वाजता मीच आणीन."

"अन् श्रावणात?"

आत लेक माझ्या हातांची राख लागलेल्या पिशवीतून कपडे काढत होती आणि आजीला विचारत होती की दोरीवर टाकू की पेटीत ठेवू. मी नवऱ्याला म्हणाले, श्रावणाला अजून पुष्कळ महिने आहेत.